हरकत असेल तर लेखी द्या

देव आहे की नाही हा प्रश्न निकालात काढायचा तर आधी पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागते, असं आमच्या अण्णांचं ठाम मत होतं. तोंडी हरकत ते ऐकूनच घेत नसत. चहा पिता पिता कुणी म्हणालं, "काय अण्णा, देवबिव सगळं झूट आहे बघा," की बशी ओठाशी तशीच धरून ते एवढंच म्हणत, "लेखी द्या."

आणि गंमत म्हणजे आम्ही देत होतो. आम्ही म्हणजे मुख्यतः मी.

अण्णा महाडच्या जमीन मोजणीच्या कचेरीत मोजणीदार होते आणि मी तिथेच कारकून. एकाचं शेत कुठे संपतं आणि शेजाऱ्याचं कुठे सुरू होतं, हे जुना नकाशा बघून आणि लोखंडी साखळी टाकून ठरवायचं, तिथे खुणेचा दगड रोवायचा, हे त्यांचं काम. मोजणीच्या आधी आजूबाजूच्या सगळ्या खातेदारांना नोटीस जाते: अमुक दिवशी जागेवर हजर राहा, हरकत असेल तर लेखी द्या. आलेल्या हरकतीला क्रमांक पडतो, तिच्यावर सुनावणी होते आणि शेवटी शेरा पडतो, 'मान्य' किंवा 'अमान्य'. तीस वर्षं हेच केल्यामुळे अण्णांच्या डोक्याला तीच घडी पडली होती. ते मूळचे नगरकडचे, आजोबांपासून ख्रिस्ती. महाडात बदली होऊन आले तेव्हा गावात त्यांच्या धर्माचं दुसरं कुणी त्यांना सापडलं नाही. टिंगल करणारे मात्र भरपूर सापडले. मग त्यांनी एक जाडजूड वही घेतली, पट्टीने रकाने आखले आणि पुठ्ठ्यावर वळणदार अक्षरात लिहिलं, 'परमेश्वराविरुद्ध आलेल्या हरकती'. क्रमांक, हरकतदाराचं नाव, हरकत, उत्तर, शेरा. हरकत दाखल झाली की ते पोच देत. माझ्याकडे अशा पोचपावत्यांचा गठ्ठा होता.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. माझं घर कापड्याच्या बौद्धवाडीत. वडिलांनी घरातले देव माझ्या जन्माआधीच बाहेर काढले होते. त्यामुळे देव नाही हे मला शोधून काढावं लागलं नव्हतं, ते वारशानेच मिळालं होतं. त्यात मी वाचनालयातली चार पुस्तकं वाचली आणि महाड ते पोलादपूर या पट्ट्यात विचार करणारा माणूस मी एकटाच, अशी माझी प्रामाणिक समजूत झाली. अशा माणसाला अण्णा भेटणं म्हणजे कुस्तीची हौस असणाऱ्याला घराशेजारीच आखाडा मिळण्यासारखं होतं.

माझी पहिली हरकत अगदी साधी होती. देव दिसत नाही, सबब तो नाही. पंधरा दिवसांनी सुनावणी. अण्णांनी मला कचेरीच्या खिडकीशी नेलं आणि समोरच्या शेताकडे बोट केलं. म्हणाले, "त्या दोन शेतांमधली हद्द दिसते का?"

"बांध दिसतो."

"बांध नव्हे, हद्द. बांध मागल्या पावसात सरकलाय. हद्द जिथं होती तिथंच आहे. तुला दिसत नाही, मला दिसत नाही, आणि दोघं भाऊ मात्र तिच्यापायी कोर्टात उभे आहेत. आता सांग, ती नाही म्हणू?"

"हद्द माणसांनी ठरवलीय, अण्णा."

"ही वेगळी हरकत झाली. वेगळी लेखी द्या."

असा तो माणूस. मी चिडायचो, घरी जाऊन रात्रीचं जेवण बाजूला सारून नवी हरकत लिहायचो.

पावसाळ्यात आमचा हा उद्योग फार जोरात चाले. शेतांत भात उभं असल्यामुळे मोजणी बंद, मोजणीदार कचेरीत बसून नकाशे रंगवणार. सावित्रीला पाणी चढलं की पक्षकारही फिरकत नसत. अशाच एका दिवशी पुलावर पाणी आलं, पोलादपूरकडच्या एसट्या डेपोत थांबल्या आणि मी, अण्णा आणि निम्मी कचेरी नदीकाठी पूर बघत उभे होतो. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अण्णा, तुमचे प्रभू पाण्यावरून चालत गेले म्हणता. मग तुम्ही निदान पलीकडच्या काठापर्यंत तरी जाऊन दाखवा."

अण्णांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. म्हणाले, "साहेबाला जे अधिकार असतात ते मोजणीदाराला नसतात. तू कारकून आहेस, तुला हे मी सांगायला हवं?"

दिसायला ते उंच, काळेसावळे, खाकी अर्धी विजार आणि उन्हाळा-पावसाळा डोक्यावर जाड टोपी. चालताना ओठ हलत, कारण ते पावलं मोजत. डेपो ते कचेरी, कचेरी ते खोली, खोली ते चवदार तळं, सगळी अंतरं त्यांना पाठ. मध्येच कुणी हाक मारली की तिथेच थबकत आणि बोलणं संपल्यावर आकडा मोठ्याने म्हणून पुन्हा चालू लागत. मासे त्यांना वर्ज्य. धर्मामुळे नव्हे, वासामुळे. नगरहून बायकोने पाठवलेली शेंगदाण्याची चटणी आणि चपाती यावर हा माणूस कोकणात दिवस काढत होता. बाजारातून जाताना सुक्या बोंबलांच्या टोपल्या आल्या की नाकाला रुमाल लावायचे. मी म्हणायचो, "अहो, तुमच्या प्रभूचे निम्मे शिष्य कोळी होते." ते रुमालातूनच म्हणायचे, "त्यांनी जाळी सोडली तेव्हाच ते शिष्य झाले."

रविवारी सकाळी त्यांच्या खोलीवर उपासना असे. उपदेश करणारे पाळक अण्णा, ऐकणारी मंडळीही अण्णाच. एकदा मी मुद्दाम खिडकीतून पाहिलं. त्यांनी उभं राहून भसाड्या आवाजात गाणं म्हटलं. मग टेबलामागे जाऊन रिकाम्या खाटेकडे बघत चांगला अर्धा तास उपदेश केला. मग टेबलाला वळसा घालून खाटेवर येऊन बसले, जरा वेळ मान खाली घालून विचार केला आणि मोठ्याने 'आमेन' म्हणाले. मी नंतर विचारलं, "अण्णा, समोर कुणी नसताना एवढं ओरडून कुणाला सांगता?" तर म्हणाले, "मंडळीत एक माणूस फार अडेल आहे. त्याच्या गळी उतरत नाही." घरमालकीणबाई जोशीणकाकू कडक सोवळ्याच्या, पण गाणं संपलं की त्या पोह्यांची बशी दाराशी आणून ठेवत. त्या म्हणत, "सूर नाही हो त्यांना, पण नेम आहे."

अण्णांची खरी कीर्ती झाली ती वाचनालयातल्या सभेत. बाहेरगावचे एक नास्तिक वक्ते आले होते. हवेतून अंगारा काढून दाखवणं, जिभेवर कापूर जाळणं असे बुवाबाजीचे प्रकार त्यांनी एकेक करून उघडे पाडले. सगळ्यांत जोरात टाळ्या अण्णांच्या. मी शेजारी बसलो होतो, मला कळेना. ते कानाशी येऊन म्हणाले, "आमचं अर्धं काम हा फुकटात करतोय." मग वक्त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि गरजले, "देव असेल तर त्याने मला या एका मिनिटात इथे आडवा करून दाखवावा!" सभागृह चिडीचूप. पंखा तेवढा कुरकुरत होता. मिनिट झालं. वक्ते विजयाने हसले, आणि अण्णा उभे राहिले.

"माझी एक शंका आहे," ते म्हणाले. "समोर पहिल्या रांगेत आमचे साहेब बसले आहेत. समजा, उद्या मी त्यांच्या टेबलापुढे उभा राहून म्हणालो की, साहेब, तुम्ही खरंच असाल तर एका मिनिटात मला बडतर्फ करा. आणि त्यांनी नाही केलं. तर साहेब नाहीत असं ठरेल, की साहेब बरे आहेत असं ठरेल?"

लोक इतके हसले की बाहेरचे पानवाले आत डोकावले. साहेबही हसले, मग आपण हसायला हवं होतं का, या विचाराने गंभीर झाले. वक्ते खिलाडूवृत्तीचे होते, त्यांनीही हसून घड्याळ परत मनगटावर बांधलं. मी मात्र त्या सभेवरून घरी जाताना धुमसत होतो. माझ्या बाजूचा माणूस हरला होता, आणि हसलो मीही होतो.

अण्णांची युक्तिवादाची सगळी हत्यारं मोजणीतलीच. मी लिहून दिलं होतं की, येशू पुन्हा उठला म्हणतात, पण त्याबद्दल लिहिणाऱ्या चौघांचं एकमेकांशी जुळत नाही. कुणी म्हणतो थडग्याशी एक देवदूत होता, कुणी म्हणतो दोन. तिच्या सुनावणीच्या दिवशी आम्ही पाचाडला मोजणीला गेलो होतो आणि एका खाणावळीत पिठलं-भाकरी खात होतो. अण्णा म्हणाले, "आज सकाळी चार शेजाऱ्यांचे जबाब घेतले. चौघांचं जुळलं?"

"कुठे जुळलं? एक म्हणाला आंब्याखाली दगड होता, एक म्हणाला फणसाखाली."

"आणि दगड?"

"सापडला की."

"बघ. चौघांनी शब्दाला शब्द सारखा जबाब दिला असता तर मी काय समजलो असतो? आदल्या दिवशी एकाच्या ओटीवर बसून ठरवलंय. फरक पडला म्हणून मी त्यांच्यावर विश्वास ठेवला." आणि भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "अमान्य."

सगळ्याच हरकतींवर त्यांच्याकडे असं हजरजबाबी उत्तर होतं असं नाही. एका हरकतीपुढे शेरा कोरा होता. देव दयाळू आहे आणि त्याला सगळं करता येतं, तर लहान मुलं का मरतात, असं मी लिहिलं होतं. मला वाटलं होतं, आता हे पकडले गेले. त्यांनी ती वाचली, वही मिटली आणि म्हणाले, "त्या जागेवर मी जाऊन आलोय. तिथं नकाशा जुळत नाही. पण जागा खोटी म्हणता येत नाही, आणि नकाशा फाडवत नाही." पुढे मे महिन्याच्या सुट्टीत त्यांच्या बायको महाडला आल्या तेव्हा बोलता बोलता कळलं, की त्यांची पहिली मुलगी चौथ्या वर्षी तापाने गेली होती. माझी मला लाज वाटली. मी ती हरकत मागे घ्यायला गेलो तर त्यांनी घेऊ दिली नाही. "हरकत चांगली आहे," म्हणाले. "राहू दे प्रलंबित."

संध्याकाळी आम्ही कधीकधी चवदार तळ्यावर जाऊन बसायचो. तिथे ते सहसा वाद घालत नसत. एकदाच म्हणाले, "तुझा आजा आणि माझा आजा, दोघं असल्याच कुठल्या तरी पाण्यापासून हाकलले गेले. तुझ्या बापानं देव सोडला, माझ्या आजानं नवा धरला. तुझ्या घरी गेलो तर मला परक्याच्या घरी गेल्यासारखं वाटत नाही ते त्यामुळं." मी शेंगांची पुडी त्यांच्यापुढे केली.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. तिच्यात अण्णांची बढती गुंतली होती.

अण्णांची नोकरी दीड वर्ष उरली होती आणि निमतानदार म्हणून त्यांचं नाव वर गेलं होतं. निमतानदार म्हणजे मोजणीदारांच्या कामाची तपासणी करणारा. सगळी हयात डोंगर चढून साखळ्या टाकल्यावर शेवटी त्या जागेवर बसून निवृत्त व्हावं, एवढी एकच ऐहिक इच्छा त्यांना होती. ते उघड बोलून दाखवत. "स्वर्गात काय मिळायचं ते मिळेल," म्हणत, "पण निमतानदार इथंच व्हावं लागतं." हुकूम त्या पावसाळ्यात येणार असं सगळे धरून चालले होते.

त्या जुलैत मी भातलावणीला कापड्याला गेलो होतो. माझी आत्या विधवा, तिची ओढ्यापासून बरीच वर भाताची एक अरुंद पट्टी. मार्चमध्ये तिची आणि शेजारच्या राघोबाची हद्द अण्णांनीच मोजली होती. राघोबा गावचा मोठा जमीनदार, पण वादावादी अशी नव्हती. जुना दगड हरवला होता, म्हणून मोजणी मागवली, एवढंच. अण्णांनी दगड रोवला, दोघांनी सह्या-अंगठे केले. लावणीच्या दिवशी मात्र आत्या कमरेवर हात ठेवून चिखलात उभी राहिली आणि मला म्हणाली, "काय रे, तुजा तो सायब साकळीनं मोजतो का अंदाजानं?"

"का गो? काय झालं?"

"ह्या पट्टीत दरसाल आठ बाया एका वळीत लावनी करतात. औंदा सातच मावल्यान. आठवी बाय बांधावर हुबी हाय, बग. माज्या बायांची रुंदी वाडली का जमीन आटली?"

आत्याचं माप चुकणारं नव्हतं. तीस वर्षं त्याच आठजणी पसरलेल्या हाताला हात टेकेल एवढ्या अंतराने तिथे वाकत होत्या. बांधावर रोपांची जुडी घेऊन उभी राहिलेली ती आठवी बाई पाहून माझं डोकं फिरलं. माझ्या मनात नको ते आलं. राघोबा मोठा खातेदार, मोजणीच्या दिवशी अण्णांचं जेवण त्याच्याकडेच झालं होतं. सोमवारी दुपारी कचेरीत जाऊन मी अण्णांच्या टेबलावर कागद ठेवला. आत्याची तक्रार तर होतीच, पण खाली त्यांच्या वहीसाठी एक हरकत होती, क्रमांक एकेचाळीस: 'देव मानणारा माणूस न मानणाऱ्यापेक्षा खरा वागतो, याला पुरावा नाही.'

अण्णांनी दोन्ही वाचलं. पोच दिली.

पुढचे आठ दिवस ते कुणाशीच फारसं बोलले नाहीत. पावलं मोजणं बंद. चहाला येत नसत. रविवारी मी त्यांच्या गल्लीतून गेलो तर खोलीतून गाणं ऐकू आलं नाही. जोशीणकाकूंनी मलाच हटकलं, "त्यांना बरं नाही का रे? पोहे केलेत, पण द्यायचे कधी ते कळेना." मला वाटलं, माझ्या हरकतीने दुखावलेत. मी मनातून खजील होतो आणि रागावलेलाही होतो.

मंगळवारी त्यांनी मला कचेरीच्या मागच्या अंगणात बोलावलं. तिथे साखळी तपासायला दोन दगड पक्के बसवलेले होते. दोघांमधलं अंतर बरोबर एका साखळीचं. अण्णांनी एक टोक मला धरायला दिलं, दुसरं स्वतः घेतलं आणि ताणलं. साखळी दुसऱ्या दगडापर्यंत पोचेना. वीतभर कमी पडत होती.

मी पुन्हा ताणून पाहिली. ते म्हणाले, "जानेवारीत पोलादपूरच्या वरच्या डोंगरात ही तुटली. बाजारातल्या लोहाराकडून सांधून घेतली. त्यानं वाकडी झालेली एक कडी काढून टाकली आणि सांधा असा सुरेख केला की माझ्या लक्षात आलं नाही. दुरुस्तीनंतर साखळी तपासायची असते. मी तपासली नाही. तुझ्या आत्याच्या हद्दीला ओढ्याकाठच्या दगडापासून दहा साखळ्या टाकल्या. दहा विती गेल्या. एक बाई बरोबर गेली."

मला आधी हायसं वाटलं. माणूस लबाड नव्हता. मग लक्षात आलं, की जानेवारीपासून जूनपर्यंत याच साखळीने चौदा गावं मोजली गेली होती. स्वतःची साखळी न तपासणाऱ्याला इतरांचं काम तपासायला कोण नेमणार? मी इकडेतिकडे पाहिलं. अंगणात आम्ही दोघंच. मी हळूच म्हणालो, "अण्णा, आत्याची तेवढी हद्द दुरुस्त करा. नकाशा वाचताना चूक झाली म्हणा. बाकीच्या गावांतून कुणाची तक्रार नाही. साखळीचं कोण बघायला आलंय?"

अण्णा माझ्याकडे बघून हसले. आठ दिवसांत पहिल्यांदाच हसले. म्हणाले, "हे तू बोलतोस होय? कोण बघतंय, हे मला विचारायला तूच उरला होतास?"

साहेबांनीही त्यांना तेच सांगितलं, फक्त सरकारी भाषेत. नवी साखळी मागवा, जुनी मोडीत काढा, विषय संपवा. अण्णांनी खाली बसून स्वतःविरुद्ध अहवाल लिहिला. चौदा गावांची यादी जोडली. दोन प्रती केल्या. तो मी टपालात टाकला. पेटीत सोडण्याआधी ते पाकीट मी एकदा परत खिशात घातलं होतं, हे कबूल करतो. चौकशी झाली, ताशेरा आला आणि निमतानदाराची जागा दुसऱ्या तालुक्यातल्या एका माणसाला गेली. हुकमाची बातमी आली त्या दिवशी अण्णांनी सगळ्या कचेरीला स्वतः चहा पाजला. "त्याचं अक्षर चांगलं आहे," एवढंच म्हणाले.

भात कापून झाल्यावर, दिवाळीनंतर, चौदा गावांच्या फेरमोजण्या सुरू झाल्या. पहिलं गाव कापडं. बांधावर निम्मं गाव जमलं होतं. आत्याने त्या आठजणींना बरोबर आणलं होतं, साक्षीला. नवी साखळी पडली, आणि दगड बरोबर दहा विती राघोबाच्या शेतात सरकला. अण्णा टोपी काढून उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मागची मोजणी चुकली. चूक माझी आहे. साखळी कमी होती आणि ती मी तपासली नव्हती. राघोबा, तुमची काही हरकत असेल तर लेखी द्या, मी स्वतः वर पाठवतो."

सगळे राघोबाकडे बघू लागले. त्याने त्या पट्टीवर नवा बांध घातला होता, त्यावर तुरी लावल्या होत्या. तो दगडाकडे गेला, पायाने जरा माती सारली आणि म्हणाला, "सायब, मी काय लिवनार? जो मानूस सोताच्याच इरुद लिवून देतो, त्याच्यावर आनि कसली हरकत घ्यायची? तुरी तेवढ्या काढू द्या, मग बांध मोडतो."

आत्याने लगेच आठीजणींना ओळीत उभं करून बघितलं. पसरलेल्या हाताला हात टेकला. "आता बराबर हाय गो," ती म्हणाली आणि अण्णांना चुलीवरचा चहा द्यायला घरी घेऊन गेली.

परत येताना पोलादपूरच्या स्टँडवर महाडची गाडी यायची होती. अण्णांनी पिशवीतून वही काढली. एकेचाळीस क्रमांकाचं पान उघडलं आणि माझ्या देखत शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'मान्य'. चाळीस हरकतींमध्ये हा शब्द एकदाही आला नव्हता.

मी अक्षरशः ओरडलो. "अण्णा, हे काय! खोडा ते! तुमच्याइतका पुरावा आणखी कुठला हवा? बढती घालवलीत. सगळ्या गावासमोर टोपी काढलीत. राघोबासारखा माणूस बांध मोडायला तयार झाला. ही हरकत अमान्यच आहे. मी मागे घेतो ती."

"शेरा पडल्यावर मागं घेता येत नाही."

"मग मी तुमच्या बाजूने साक्ष देतो!"

आजूबाजूचे प्रवासी बघायला लागले. देव न मानणारा मी, देव मानणाऱ्या माणसाच्या खरेपणासाठी भर स्टँडवर तावातावाने भांडत होतो, आणि तो माणूसच मला कबूल होत नव्हता.

"तू हरकत दिलीस सोमवारी दुपारी," अण्णा शांतपणे म्हणाले. "सगळे घरी गेल्यावर सोमवारी संध्याकाळीच मी साखळी दगडांना लावली. तुला दाखवली पुढल्या मंगळवारी. मधले आठ दिवस कुठं गेले?"

मी बोटांवर दिवस मोजू लागलो.

"चार दिवस ती साखळी कुठं टाकता येईल ते बघत होतो. सावित्रीला पूर होता, एक दिवस पुलापर्यंत घेऊन गेलो होतो पिशवीतून. पुढचे चार दिवस प्रार्थनेला बसायचो आणि मध्येच उठायचो. तुझ्या आत्याची आठवी बाई समोर उभी राहायची. असा मी. आणि तू मला पुरावा म्हणून लावतोस?"

"पण शेवटी सांगितलंत ना!"

"सांगितलं. माझ्या बळावर नाही सांगितलं." गाडी फलाटाला लागत होती. त्यांनी वही पिशवीत घातली आणि उठता उठता माझ्या खांद्यावर हात ठेवला. "लेका, तुझा माणसावर फार भरवसा आहे. तुझं देवावाचून चालेल कदाचित. मी मला आतून ओळखतो. माझं चालत नाही."

मला त्या क्षणी त्यांची फार माया वाटली. मी त्यांच्यासाठी खिडकीची जागा धरली. आज माझे केस पिकले, मी अजूनही देव मानत नाही. पण अण्णांच्या त्या शेवटच्या बोलण्यावर लेखी देण्याजोगी हरकत मला अजून सुचलेली नाही. शोधतो आहे.